नळ्या मी धुतल्या होत्या

कुंदा कापगते मॅडम गेल्याची बातमी मला कॉलेजातल्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळची वेळ होती. वरठीच्या घरासमोर मी सायकलची उतरलेली चेन चढवत बसलो होतो आणि दोन्ही हात ग्रीसने काळे झाले होते, म्हणून फोन बायकोने वाचून दाखवला. ‘प्राणिशास्त्र विभागाच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. कुंदा कापगते यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन...’ मी उठलो, हात रॉकेलने पुसले, साबणाने धुतले, चष्मा लावला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘मॅडम डॉक्टर नव्हत्या. नावापुढचं डॉ. काढा.’ बस, मोहोळ उठलं. ‘आजच्या दिवशी हे शोभतं का?’, ‘माणूस गेल्यावर तरी मोठं मन ठेवा’, असं एकेक यायला लागलं. एका माजी सहकाऱ्याने लिहिलं, ‘बिचाऱ्यांची पीएचडी अर्धवट राहिली, हे उगाळायची ही वेळ नाही.’ मी उत्तर दिलं, ‘राहिली नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली. का मोडली ते मला माहीत आहे.’ संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

काढलं ते बरंच झालं. ग्रुपवर अंगठ्याने किती लिहिणार माणूस? या गोष्टीला तीन आठवडे झाले. तेव्हापासून मी दररोज दुपारी वही घेऊन बसतो आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, “अजी, आता कायले उकरून राहिले? बाई गेली, तुमी पेन्शनीत बसले. कोणाले काय पडलं हाय?” तिचंही खरं आहे. मी कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत चपराशी. माझ्यासारख्याने एका प्राध्यापिकेवर लेख लिहावा असा रिवाज नाही. पण मॅडमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या हातून घडली, आणि ती सांगायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही. शेवटची भेट झाली तेव्हा त्या भंडाऱ्याच्या आपल्या घरी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले. मी म्हटलं, “मॅडम, एकदा मले लिवू द्या.” त्या हसल्या. “मी हाय तोपर्यंत नाई. मी गेल्यावर लिवा, परातेभाऊ. पण खरं लिवजा. मले देवी-बिवी बनवान तं पाहा!” त्यामुळे त्या देवी नव्हत्या इथूनच सुरुवात करतो. तापट होत्या. कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. चहा असा करायच्या की पिणाऱ्याने पाप केलं असावं. एकदा अबोला धरला की भिंतीशी बोलतील, पण माणसाशी नाही.

मी कॉलेजात लागलो तो रोजंदारीवर. आमचं घर मोहाडीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड विणणारं. माग बसले आणि बापाने सांगितलं, जा, कुठं मिळेल तिथं चिकट. चिकटलो तो प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, जिथे बरण्यांमध्ये मेलेले बेडूक आणि साप माझ्याकडे बघत असायचे. मॅडम तेव्हा नव्यानेच पर्मनंट झालेल्या. साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या, धानाच्या शेतकऱ्याच्या घरच्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण माझ्याशी बोलताना एकोडी बाहेर यायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “सापाले भेता का?” मी म्हटलं, “जित्या सापाले भेतो, मेलेल्याले नाई.” “मंग जमते,” त्या म्हणाल्या, “मले त्याचं फक्त विष पायजे.”

सापाचा नाद त्यांना कुठून लागला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या बारावीत असताना त्यांच्या मोठ्या वहिनीला कापणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत घोणस चावली. आमच्याकडे तिला परड म्हणतात. दवाखान्यात नेईपर्यंत वहिनीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, ते थांबेना. दुसऱ्या दिवशी ती गेली. गावात नंतर एका म्हाताऱ्याला मण्यार चावली. त्याचं एक थेंब रक्त सांडलं नाही, नुसत्या पापण्या जड झाल्या आणि श्वास बंद पडला. मॅडम म्हणायच्या, “एक साप रक्त सोडते, दुसरा श्वास कोंडते. अन् एका सापाच्या विषातबी एक चीज नसते. विष म्हंजे वऱ्हाड हाय, परातेभाऊ. सगळे एकाच गाडीतून उतरते, पण भांडण लावणारा त्याच्यात एकच असते. तो कोणता, ते मले पाहाचं हाय.” वऱ्हाडातला भांडखोर शोधायचा, हीच त्यांची पीएचडी.

विष यायचं परवाना असलेल्या ठिकाणाहून, वाळवलेलं. कागदपत्रांचा हा ढीग, आणि हातात काय, तर चिमूटभर फिकट पिवळे खडे. ते क्षाराच्या पाण्यात विरघळवायचे आणि एका उंच काचेच्या नळकांड्यात वरून अलगद सोडायचे. नळकांड्यात फुगवलेले बारीक बारीक मणी भरलेले, साबुदाण्याहून कितीतरी लहान. खालच्या तोटीतून थेंब थेंब पाणी गळायचं आणि इतके थेंब झाले की आम्ही खालची नळी बदलायचो. मोठ्या कॉलेजांत हे काम यंत्र करतं, आमच्याकडे ते यंत्र मी होतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सहालाच सुरुवात करायची, कारण उन्हं चढली की विष नासायची भीती. मी थेंब मोजायचो आणि मॅडम माझ्यावर नजर ठेवायच्या. मला वाटायचं, गाळणी आहे म्हणजे बारीक आधी निघणार आणि जाड वर अडकणार. मॅडम म्हणाल्या, उलटं आहे. “त्या मण्यायले बिळं असतेत. हत्ती आला तं बिळात मावत नाई, म्हणून सरळ निंगून जाते. उंदीर प्रत्येक बिळात डोकावते, म्हणून त्याले उशीर होते.” मग त्या साऱ्या नळ्या यंत्रावर तपासून कागदावर आलेख काढायच्या. त्यात डोंगर उमटायचे, एकापाठोपाठ एक. प्रत्येक डोंगर म्हणजे वऱ्हाडातली एक टोळी. घोणशीच्या विषाचे आमच्याकडे पाच डोंगर निघाले.

त्यापुढे एकेका डोंगराची परीक्षा. काहींचे थेंब अंड्याच्या बलकावर ठेवायचे. ज्यात चरबी फोडणारं विष असेल, तिथे बलकाचा गढूळपणा जाऊन तेवढी जागा निवळायची. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबांनी फ्रिज उघडला आणि अंड्यांचा ट्रे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, “प्रयोगशाळेत अंडी कोण खातं?” मॅडमनी मान वर न करता सांगितलं, “साप खातात, सर.” खरी परीक्षा मात्र रक्ताची होती. ताज्या रक्तात थेंब टाकायचा, नळी वीस मिनिटं उभी ठेवायची आणि मग आडवी करून पाहायची, रक्त गोठलं की वाहतंय. रक्त कोणाचं? आळीपाळीने मॅडमचं आणि माझं. नोकरीत रक्त आटवलं असं सगळेच म्हणतात, मी ते पिचकारीने काढून दिलेलं आहे. दुसऱ्या डोंगराचा थेंब पडला की रक्त बघता बघता घट्ट व्हायचं. मॅडम सांगायच्या, माणसाच्या अंगात असंच होतं, जिथे तिथे गोठत सुटतं आणि गोठण्याचं सगळं सामान संपून जातं, मग साध्या हिरडीचं रक्तही थांबत नाही. वहिनीला मारणारा भांडखोर तो होता... आलेखावरच्या त्या डोंगराकडे मॅडम किती तरी वेळ बघत राहिल्या होत्या.

आता माझं पाप. एकदा वापरलेल्या काचेच्या नळ्या कशा धुवायच्या, ते मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आधी साधं पाणी, मग रात्रभर आम्लात भिजवायच्या, मग डिस्टिल्ड पाणी आणि शेवटी ओव्हनमध्ये वाळवायच्या. साबण अजिबात नाही. का नाही, ते त्यांनी सांगितलं असेल, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. झालं असं, की पाचव्या डोंगराच्या वेळी आम्ल संपलं आणि नवीन यायला उशीर लागला. त्यात कॉलेज तपासायला समिती येणार म्हणून सगळं चकाचक हवं होतं. आणि मी कोशाच्या घरचा! आमच्याकडे कोसा सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही आणि साबणात खळखळून काढल्याशिवाय त्यावर रंग चढत नाही. आमची आई म्हणायची, सोडा-साबण लागला नाही ती चीज उष्टीच. मी घरून सोडा आणि साबणाचा चुरा आणला, स्टोव्हवर पातेलं चढवलं आणि चाळीस नळ्या कोसा उकळावा तशा उकळल्या. पाण्याने खळबळल्या. अशा चमकल्या की काय सांगू. मॅडम म्हणाल्या, “नळ्या बम झकास दिसून राहिल्या, परातेभाऊ.” त्यांच्या तोंडून कौतुक! त्यानंतर आम्ल आलं तरी मी त्या रॅकला आम्ल दाखवलं नाही. दरवेळी सोडा-साबणच.

काचेला साबण लागला, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो, की रक्त त्या काचेत गोठत नाही. विष असो वा नसो. एवढंच शास्त्र आहे, आणि ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पाचव्या डोंगराच्या सगळ्या परीक्षा त्या चाळीस नळ्यांमध्ये झाल्या. निव्वळ रक्ताची एक नळी तुलनेसाठी बाजूला असायची, पण ती नव्या डब्यातली, कारण ती एकच लागायची. त्या नळीत रक्त गोठायचं. पाचव्या डोंगराच्या नळ्यांत वीस मिनिटं झाली, तास झाला, रक्त पाण्यासारखं. मॅडमनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. थेंब कमी केला, तरी तेच. त्यांचे डोळे असे लकाकलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. घोणशीच्या विषात रक्त गोठवणाऱ्याच्या शेजारीच रक्त अडवणारा इतका जबर कोणी बसला आहे, हे नवीन होतं. नागपूरचे त्यांचे गाईड सर खूश झाले. शोधनिबंध छापून आला, त्यात दोघांची नावं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘प्रयोगशाळेतील मदतीबद्दल श्री. पराते यांचे आभार’ असंही होतं. मी ते पान घरी नेऊन बापाला दाखवलं.

प्रबंध टाइप होऊन बांधून झाला, तोंडी परीक्षेची तारीख यायची होती. मॅडमना वाटलं, परीक्षकांना प्रयोग समोर करून दाखवावा. त्यासाठी नव्या नळ्यांचा डबा फोडला. पाचव्या डोंगराचा थेंब टाकला आणि रक्त गोठलं. पुन्हा टाकला, पुन्हा गोठलं. मॅडम माझ्याकडे वळल्या. “पराते, आधीच्या नळ्या कायमंधी धुतल्या होत्या?” भाऊ म्हणायच्या राहिल्या, तेव्हाच मी ओळखलं. रोजंदारीचा माणूस मी, पर्मनंटच्या यादीत नाव चाललेलं, घरी पोरगी झालेली. मी म्हटलं, “आम्लातच मॅडम. तुमी सांगतलं तसंच.” त्यांनी विश्वास ठेवला. तो विश्वास मला आजही टोचतो. चार महिने त्या कारण शोधत राहिल्या. विष नासलं का म्हणून नवीन विष मागवलं, नळकांड्यातले मणी बदलले, क्षाराचं पाणी दहादा मोजलं. दुपारचा डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. त्यांचं ते झिजणं मी समोर उभा राहून पाहत होतो आणि तोंड शिवून होतो.

शेवटी एका सकाळी त्यांनी आपल्या दंडाला पट्टा बांधला आणि कितव्यांदा तरी पिचकारी मागितली. कोपराच्या आत निळं-काळं झालं होतं, जागा उरली नव्हती. माझ्याच्याने पाहवेना. मी पिचकारी दिली नाही. “मॅडम, रक्त नका काढू. मी साबणात उकळल्या होत्या नळ्या. सोड्यात.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “साप डसलेला माणूस दवाखान्यात येऊन सांगते तरी, बापा, असा असा साप होता. तुमी तं चार महिने सापच दडवून ठेवला.” मी रडायला लागलो. त्यांनी दंडाचा पट्टा सोडला, वही उघडली आणि मला सोडा किती, साबण किती, किती वेळ उकळलं हे सगळं विचारून लिहून घेतलं. मग मलाच तशा दहा नळ्या धुवायला लावल्या. माझं निव्वळ रक्त त्यांत टाकलं, विषाचा थेंबही नाही. वीस मिनिटांनी आडव्या केल्या. दहाच्या दहा वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो, त्या दहा नळ्यांची पेटी घेऊन. गाईड सरांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेरच्या बाकावर होतो, पण दार लोटलं म्हणजे काही भिंत होत नाही. ते म्हणाले, एवढं कोणी पाहत नाही, परीक्षा होऊन जाऊ द्या, नंतर हळूच दुरुस्ती छापू. मॅडम म्हणाल्या, “सर, उद्या या पाचव्यावर विश्वास ठेवून कोणी औषध करायला बसलं तर?” सर म्हणाले, “कोण बसतंय!” मॅडम म्हणाल्या, “मीच बसणार होते.”

मग खरी गंमत सुरू झाली. निबंध मागे घ्यायचाच असेल तर कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं होतं, आणि माझं डोकं सगळ्यात स्वस्त होतं. सरांनी आणि आमच्या कॉलेजच्या वरच्या लोकांनी मिळून तोड काढली, की परिचराने लेखी सूचनेविरुद्ध काम केलं असं मॅडमनी लिहून द्यावं. परिचराला कमी करू. सरांचं नाव साफ, मॅडमना मुदत वाढवून मिळेल, पाचवा डोंगर वगळून पुन्हा प्रबंध देता येईल. कागद टाइप होऊन तयार होता, फक्त सही हवी होती. मी ऑफिसात पाण्याचे ग्लास घेऊन उभा होतो, माझंच मरण माझ्यासमोर टेबलावर. मॅडमनी कागद वाचला आणि परत सरकवला. म्हणाल्या, “निव्वळ रक्ताची नळी मी त्याच रॅकमधून घ्यायला पाहिजे होती. घेतली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती माझी चूक आहे, आणि पहिल्या वर्षाच्या पोरानं करू नये अशी आहे. यात परिचर कुठं आला?” वरच्यांनी समजावलं, दरडावलं, पुढच्या बढतीची आठवण करून दिली. त्या उठल्या. “तुम्हाला सही पायजे ना? आणा कोरा कागद.” आणि तिथेच उभ्यानं, स्वतःच्या अक्षरात, चूक माझी, नियंत्रणाची नळी वेगळ्या संचातून घेतल्यामुळे साबणाचा अंश लक्षात आला नाही, सबब निबंध मागे घेत आहे, असं लिहून सही ठोकली. सरांनी हात काढून घेतला. मुदत संपली. दुसरा गाईड मिळेना, कारण ही बाई कागद परत सरकवते ही ख्याती झाली होती. पुढची सगळी वर्षं त्या आहे त्याच पायरीवर राहिल्या आणि त्यांच्या मागून आलेले डॉक्टर होऊन वर गेले.

मी पर्मनंट झालो. एकदा त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, मी सगळ्यांसमोर सांगतो. त्या चिडल्या. “तुमी खोटं बोलले त्याचा राग हाय मले, अन् तो जाणार नाई. पण नोकरी घालवून तो राग फिटते का? पोरीले शिकवा.” राग खरंच होता. महिनाभर बोलल्या नाहीत, रोज शेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि माझ्याकडून नळ्या धुऊन घ्यायच्या, आम्लात, जशा सांगितल्या तशा. नंतर एक दिवस म्हणाल्या, “परातेभाऊ, आपण चुकलो तं चुकलो. पण सरकारी दवाखान्यात नळ्या कायनं धूत असतील?” त्या रविवारपासून आमची फेरी सुरू झाली. माझ्या मोटारसायकलवर मागे त्या, त्यांच्या मांडीवर नव्या नळ्यांचा डबा. साप चावलेल्याचं रक्त गोठतं का, हे पाहायला आरोग्य केंद्रांतही तीच वीस मिनिटांची परीक्षा करतात. आणि मॅडम म्हणाल्या तसंच निघालं, काही ठिकाणी नळी साबणाची, काही ठिकाणी प्लॅस्टिकची. ज्याला विष चढलंच नाही त्याचंही रक्त वाहायचं आणि त्याला उगाच औषध टोचलं जायचं. खरा चावलेला आला, की नर्सला वाटायचं, नळीच खराब असेल. मॅडम जागच्या जागी आपलं रक्त काढून दाखवायच्या, एक नळी साबणाची, एक नवी, आणि वीस मिनिटं हात मांडीखाली दाबून बसायच्या. प्रत्येक ठिकाणी आमच्या चुकीची गोष्ट सांगायच्या, आणि ती सांगताना ‘मी’ म्हणायच्या. मी बाजूला उभा राहून ऐकायचो.

म्हणून ‘अर्धवट’ या शब्दाने माझं डोकं फिरलं. ज्यांनी तो लिहिला त्यांनी आपापले प्रबंध उघडावेत आणि त्यातलं एक तरी पान स्वतःच्या हाताने फाडण्याची हिंमत होती का, ते पाहावं. मॅडमच्या नावापुढे ‘डॉ.’ लावून तुम्ही त्यांचा मान वाढवत नाही, त्यांनी जे केलं ते पुसता. आणि कोणाला खापर फोडायचंच असेल तर माझं डोकं अजून शाबूत आहे. पत्ता तोच, वरठी.

आता एक शेवटचं. मागच्या आठवड्यात मी बपेऱ्याला मुलीच्या घरी होतो. माझा व्याही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत कापायला गेला आणि पायाला काहीतरी चावलं. तो आता बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही त्याला मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथे एक तरुण नर्स होती, माझ्या मुलीहूनही लहान. तिने डब्यातून नवी काचेची नळी काढली, रक्त घेतलं, नळी स्टँडला लावली, घड्याळ पाहिलं आणि स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. मी चमकलो. वीस मिनिटं अशी हात मांडीखाली दाबून बसणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली होती.

“ताई, असे हात काहून ठेवले?”

“आमाले असंच शिकवलं, काका. हात मोकळे राह्यले का नळी हलवून पाहाचा मोह होते.”

“कोणी शिकवलं?”

“आमच्या मोठ्या सिस्टरनं. तिले कोणीतरी शिकवलं असन.”

मग मी तिला मॅडमचं नाव सांगितलं, आणि वीस मिनिटांत एवढी सगळी गोष्ट. विष, पाच डोंगर, साबण, परत सरकवलेला कागद. व्याह्याचा पाय डोळ्यांदेखत सुजत होता, त्याची बायको रडत होती, आणि मी बोलत सुटलो होतो... पण जुनी खोड, नळ्या धुणाऱ्याचं नाव मी ‘तो परिचर’ असंच घेतलं. वेळ झाली. तिने हात सोडवले आणि नळी आडवी केली. रक्त काठापर्यंत वाहत आलं. ती क्षणभरही थांबली नाही. “नळी नवी हाय, काका. म्हंजे हे विषच हाय.” औषधाच्या कुप्या फुटल्या, सलाईन लागलं, पुढे न्यायला गाडी बोलावली गेली. धावपळीतच तिने मला विचारलं, “मंग त्या परिचराचं काय झालं? काढलं त्याले?”

“नाई. मॅडमनं काढू देलं नाई.” मी म्हटलं. “तो मीच हाय. नळ्या मी धुतल्या होत्या.”

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. तेवढ्यात गाडी आली. व्याह्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि तिने स्टँडवरची सलाईनची बाटली काढून माझ्या हातात दिली. “वर धरा, काका,” ती म्हणाली, “हात हालू देऊ नका.” तुमसरचा मोठा दवाखाना येईपर्यंत मी ती धरून होतो.